बारा एक्कावन्नची हवा

१

श्याम टेकाडे मेला तेव्हा त्याच्या खिशात एक कांदा होता.

पंचनाम्यात मोबाइल, किल्ल्या, रुमाल अशी यादी करून शेवटी तो लिहिला होता. ठाणेदारांना त्यात नवल वाटलं नाही. मलाही आधी वाटलं नाही. मे महिन्यात वऱ्हाडातल्या निम्म्या खिशांत कांदा निघेल. ऊन लागू नये म्हणून आपण ठेवतोच. पण श्याम त्या रविवारी उन्हात गेलाच नव्हता. सकाळी नऊपासून तो अमरावतीला बडनेरा रोडच्या आतल्या बाजूला असलेल्या आपल्या गॅरेजात, कूलरच्या हवेत होता. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी त्याचा भागीदार विपुल आला तेव्हा गाडीचं इंजिन चालू होतं आणि श्याम खुर्चीत बसल्या जागी संपला होता. डॉक्टरांनी कारण लिहिलं, गाडीच्या धुरातला विषारी वायू.

मी उत्तमराव. अकोल्यात चौतीस वर्षं मोटार वाहन निरीक्षक होतो, आता घरी बसून बायकोचं डोकं खातो. जन्मभर मोडक्या गाड्या तपासून मला एक खोड लागली आहे. कोणी ‘आपोआप झालं’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. गाडीत आपोआप काही होत नाही. कोणीतरी काहीतरी केलेलं असतं, नाहीतर करायचं सोडलेलं असतं.

श्यामची बायको आरती माझ्या दिवंगत दोस्ताची मुलगी. मला मामा म्हणते. सोमवारी तिचा फोन आला आणि मंगळवारी सकाळी मी तिच्या घरी पोचलो. कूलरसमोर तिची चार वर्षांची आचल झोपली होती. आरती भिंतीला टेकून बसली होती आणि रडत नव्हती, याचं मला जास्त वाईट वाटलं.

श्यामचं काम सगळ्यांना कळण्यासारखं नव्हतं. टर्बो बसवलेल्या गाडीत हवा इंजिनात जोरानं कोंबली जाते. जितकी हवा, त्या हिशेबात पेट्रोल द्यावं लागतं, आणि हे मिश्रण लॅपटॉप जोडून बसवायचं असतं. पेट्रोल जास्त झालं तर गाडी काळा धूर ओकते. कमी झालं तर मात्र गंमत होते. गाडी चार दिवस उडते, मालक खूश होतो, आणि मग एके दिवशी भर वेगात पिस्टन वितळतो.

तीन महिन्यांपूर्वी असंच झालं होतं. चांदूर बाजारकडचे संत्र्याचे बागायतदार खुशालराव यांचा एकुलता एक मुलगा सागर अकोला रस्त्यावर ओव्हरटेक करत होता. ऐन समोरून ट्रक येत असताना इंजिन बसलं. सागर जागच्या जागी गेला. गाडीचं मिश्रण श्यामनं बसवलेलं होतं.

“लोक म्हणतेत, यायच्या हातानं सागर मेला,” आरती म्हणाली, “अन् मंग ते मनाले लावून घेऊन यायनं सोताचा जीव देल्ला. ठाणेदारबी तसंच बोलून राहिले. मामा, आचल हे आयकत मोठी होईन. मले खरं काय ते पाहिजे. वाईट असलं तरी चालन.”

तिनं मोबाइल पुढे केला. रविवारी अकरा अठ्ठावन्नला श्यामचा मेसेज होता : “डोकं लय दुखून राहिलं. मळमळते. ऊन लागलं वाटते.”

तिनं उत्तर दिलं होतं : “डब्यातला कांदा खिशात ठेवा. पाणी प्या. कूलरसमोर बसा.”

बारा दोनला त्यानं लिहिलं होतं, “बरं.” त्याच्यापुढे काही नव्हतं.

मी मोबाइल परत दिला. जीव द्यायला बसलेला माणूस बायकोला डोकं दुखतं म्हणून सांगत नाही आणि तिनं सांगितलेला कांदा खिशात ठेवत नाही. म्हणजे अकरा अठ्ठावन्नला खोलीत विष होतं, आणि ज्याला ते चढत होतं त्याला ते ऊन वाटत होतं.

२

गॅरेज म्हणजे जुनं संत्र्याचं गोदाम. पुढे एक शटर, मागे एक खिडकी, बाकी सगळीकडे भिंत. खिडकीला बाहेरून तिपाईवर मोठा कूलर लावलेला. तो मागच्या बोळातली हवा ओढून आत फेकायचा. सायलेन्सरला एक जाड रबरी नळी जोडायची आणि तिचं दुसरं टोक भिंतीतल्या भोकातून बोळात, नाल्याच्या बाजूला सोडायचं. कूलर चालू असला की शटर वीतभर उघडं ठेवायचं, म्हणजे दमट हवा निघून जाते. हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

विपुल तिशीचा, देखणा, बोलायला गोड. त्यानं मला बसायला स्टूल दिलं आणि पाणी आणून दिलं.

“मी सकाळी नऊच्या बसनं अकोल्याले गेलतो काका, इंजेक्टर साफ कराले. दोन वाजता आलो त शटर वीतभर उघडं, कूलर चालू, इंजिन चालू. श्याम कूलरसमोर खुर्चीवर. अन् नळी सायलेन्सरमधून निघून खाली पडेल. सारा धूर खोलीतच.”

“त्याला कळलं नाही?”

“कानाले हेडफोन होता. इंजिनात बारीक टकटक होते का, ते आयकत बसे तो. उन्हात इंजिन कसं चालते, ते पाहाले दोन-दोन तास चालू ठेवे. काका, खरं सांगू का? सागर गेल्यापासून तो पहिलेचा श्याम नव्हता.”

मग त्यानं एक कागद काढला. लॅपटॉपमधला आलेख छापून आणला होता, पोलिसांना द्यायला. खाली वेळ आणि वर मिश्रणाचा आकडा, म्हणजे एक भाग पेट्रोलला किती भाग हवा.

“पाहा. अकरा चोवीसपर्यंत साडेचौदा. बरोबर. मंग उतरत गेलं. बारा पन्नासले साडेबारा. इंजिनबी खोलीतलीच हवा घेते ना? खोलीत धूर भरला, चांगली हवा कमी झाली, पेट्रोल तितकंच. म्हणून आकडा खाली आला. नळी अकरा चोवीसलेच निघाली असन. आपोआप.”

त्याचं म्हणणं बरोबर होतं. माझ्या नोकरीत एवढं स्पष्ट सांगणारा मेकॅनिक मला क्वचितच भेटला. तरी ‘आपोआप’ ऐकून माझं डोकं फिरायचं ते फिरलंच.

“बारा पन्नासच्या पुढचं कुठं आहे?”

“लॅपटॉपची बॅटरी गेली काका.”

मी उठून बोळात गेलो. कूलरच्या तीन बाजूंना तीन जाळ्या होत्या, वाळ्याचं गवत भरलेल्या. आपलं पाणी खारं. महिनाभरात गवत तपकिरी होतं आणि त्यावर क्षाराचा पांढरा थर चढतो. उजव्या-डाव्या जाळ्या तशाच होत्या. मागची जाळी पिवळीधम्मक होती. तिच्यावर क्षाराचा कणसुद्धा नव्हता.

एकच जाळी कोण बदलतं?

३

चांदूर बाजारच्या अलीकडे खुशालरावांच्या बागेतल्या घरात मी दुपारी पोचलो. ठाणेदारांनी मला मुद्दाम सांगितलं होतं की रविवारी हा म्हातारा गॅरेजपाशी दिसला होता आणि हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. पोरगा गेलेल्या बापावर संशय घेणं सोपं असतं.

खुशालरावांनी नाकारलं नाही. बाजेवर बसून ते खाली मातीकडे बघत बोलत होते.

“त्यानं फोन केलता मले. म्हणे, काका, रविवारी दुपारी या, सागरच्या गाडीचं सांगाचं हाय. तीन महिने मी त्याचं तोंड नाही पाह्यलं. तरी गेलो. सव्वाबारा-साडेबारा झाले असतीन. शटर वीतभर उघडं. दोन आवाज देल्ले. कोणी बोले नाही. आत इंजिन चालून राहिलतं.”

“वाकून पाहिलं?”

“वाकलो. अंधार होता. थंडीगार हवा आली तोंडावर. वाळ्याचा वास, अन् धुराचा.”

“थंड हवा आणि धूर एकत्र?”

“हो. जसा कूलरच धूर फेकून राहिला.” ते सहज बोलून गेले आणि मी ताठ बसलो. “मले वाटलं, बोलावून घेतलं अन् आता आत लपून बसला. राग आला. निंघून आलो. साहेब, मी ते शटर वर केलं असतं त?”

मी सांगितलं की त्याच्या कानाला हेडफोन होता, त्यानं आवाज ऐकलाच नसेल. त्या वेळी तो बहुधा जिवंत होता, हे मी सांगितलं नाही. ज्या माणसानं एकदा पोराचं मढं उचललं आहे त्याला अजून किती उचलायला लावायचं?

“पोलिसांना का सांगितलं नाही?”

“सांगून काय होईन? माया सागर येईन का? अन् मी सांगतलं असतं त ते म्हणतीन, यानंच केलं.” मग पहिल्यांदाच त्यांनी वर पाहिलं. “केलं असतं मी. खोटं काहून बोलू? फेब्रुवारीत भेटला असता त केलं असतं. पण ज्याले मारायचं त्यानंच बोलावलं, त मी आयकाले गेलतो.”

निघताना ते फाटकापर्यंत आले.

“त्याले काय सांगाचं होतं, ते पत्ता लागला त मले सांगजा.”

४

आरतीला मी विचारलं, श्याम कामाच्या नोंदी कुठं ठेवायचा?

“लॅपटॉपमंदी. पण सागर गेल्यापासून त्यायचा लॅपटॉपवर भरोसा नव्हता. गाडीच्या सीटखाली एक लहानसा डबा लावत, त्यात मेमरी कार्ड राहे. रोज संध्याकाळी घरी आणून ठेवत. विपुलभाऊलेबी नाही सांगतलं.”

तिनं माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत चाळीसेक कार्डं होती, प्रत्येकाला तारखेची चिठ्ठी चिकटवलेली. खाली एक जड वस्तू कापडात गुंडाळून ठेवली होती. सागरच्या गाडीतला इंजिनाचा कॉम्प्युटर. श्यामनं तो अकोल्याच्या भंगारवाल्याकडून शोधून आणला होता. सोबत वहीचं पान होतं.

‘मी सागरची गाडी दिली तेव्हा पूर्ण जोरावर मिश्रण साडेअकरा. भंगारातल्या कॉम्प्युटरमध्ये निघालं साडेतेरा. माझ्यानंतर कोणीतरी पेट्रोल कमी केलं. ज्यानं केलं त्याला रविवारपर्यंत वेळ दिला आहे. त्यानं स्वतः खुशालरावकाकांना सांगावं. नाहीतर मी सांगतो.’

नाव लिहिलेलं नव्हतं. श्याम असाच होता. भल्या माणसांची ही एक वाईट सवय असते, समोरच्याला वेळ देण्याची.

आरतीनं ते पान दोनदा वाचलं.

“म्हणजे सागर यायच्या हातानं नाही मेला.”

“नाही.”

तेव्हा ती रडली. आचल जागी होऊन बघत राहिली.

रविवारचं कार्ड अजून गाडीतच असणार होतं, आणि गाडी ठाण्याच्या आवारात सील करून उभी होती. माझ्या जुन्या ओळखीनं ठाणेदारांनी दार उघडून दिलं. “पाच मिनिटं, उत्तमराव,” ते म्हणाले. सीटखाली हात घालून मी डबा काढला आणि त्यांच्याच टेबलावर कार्ड उघडलं.

पहिली नोंद सकाळी नऊ दहाची होती. श्याम रोज मिश्रण मोजणारा सेन्सर काढून बाहेर कडुनिंबाखाली न्यायचा आणि मोकळ्या हवेत त्याचा आकडा जुळवून घ्यायचा. लोक हसायचे, सेन्सरले हवा खाऊ घालून राहिला म्हणून. त्या दिवशीही त्यानं ते केलेलं होतं. म्हणजे पुढचे आकडे विश्वासाचे. काम करताना गाडीची स्वतःहून मिश्रण सुधारायची सोयही तो बंद ठेवी, म्हणजे हवा बिघडली की आकड्यात उघडं दिसणार.

अकरा चोवीसपर्यंत साडेचौदा. मग उतार, विपुलच्या कागदावर होता तसाच. बारा पन्नासला साडेबारा. इथे विपुलचा कागद संपत होता.

कार्ड संपत नव्हतं.

बारा एक्कावन्नला आकडा थांबला. मग चढायला लागला. तेरा. साडेतेरा. चौदा. एक वाजून सहा मिनिटांनी पुन्हा साडेचौदा, आणि दोन दहाला इंजिन बंद होईपर्यंत तसाच सपाट.

ठाणेदार माझ्याकडे बघत होते. “काय झालं?”

“हवा सुधारली,” मी म्हटलं. “शटर तेवढंच उघडं, इंजिन चालू, खुर्चीत मेलेला माणूस. आणि खोलीतली हवा सुधारली.”

५

नळी सायलेन्सरमधून निघाली असती तर हवा दोन दहापर्यंत बिघडतच गेली असती. ती सुधारायला कोणीतरी यायला पाहिजे होतं. कोण आलं होतं, हे विचारायला मी गॅरेजपासून दोनशे पावलांवर दुर्गाबाईंच्या मांडवात गेलो.

दुर्गाबाई उन्हाळाभर रस्त्याच्या कडेला बसून कूलरच्या जाळ्यांत गवत भरतात. आपण आपली जाळी न्यायची, त्या जुनं गवत उपसून नवं भरून देतात. पंचावन्न-साठीच्या, हाताची बोटं गवतानं चिरलेली.

“रविवारी कोणी एकच जाळी आणली होती का?” मी विचारलं.

“आणली ना. गॅरेजातला तो गोरा पोट्टा, इपुल. मी म्हटलं, एक काहून, तिन्ही घेऊन ये, बाकीच्या सडल्या असतीन. त म्हणे, नाही मावशी, एकच भर, लवकर भर. घाम निथरून राहिलता त्याचा.”

“किती वाजले होते?”

“माया लेकीनं भाकर आणली तेव्हा. एक वाजला असन.”

“जुनं गवत कसं होतं?”

“काळं झालतं बाप्पा, चुलीवरच्या गंज-भांड्याच्या बुडासारखं. मी म्हटलं, कूलर जळला का तुमचा? पैसे टाकले अन् जाळी घेऊन पळाला.”

“ते गवत काय केलं?”

त्यांनी मांडवामागे बोट दाखवलं. “जुनं गवत चूल पेटवाले कामी येते. पण त्याले गाडीच्या धुराचा वास येऊन राहिलता, म्हणून नाही जाळलं. तसंच पडलं हाय.”

ढिगाच्या बाजूला ते वेगळं पडलेलं होतं, क्षारानं चिकटून चटईसारखं एकसंध. कडेनं तपकिरी, क्षार चढलेलं. मध्ये काजळीनं माखलेलं. काजळीचा डाग वाटोळा होता. मी रुमाल काढून मोजला. नळीच्या तोंडाएवढा.

६

बुधवारी सकाळी गॅरेजात आम्ही तिघं होतो : मी, ठाणेदार आणि विपुल. मी त्याला त्याच स्टुलावर बसवलं.

“तू अकोल्याला गेला नव्हतास,” मी म्हटलं. “अकरा वीसच्या सुमारास तू मागच्या बोळात आलास. नळीचं टोक उचललंस आणि कूलरच्या मागच्या जाळीला लावून ठेवलंस. कूलरनं धूर ओढला, ओल्या गवतातून गार केला आणि आत फेकला. वाळ्याच्या वासात धुराचा वास बुडाला. श्यामनं आत सगळं नीट पाहिलं असतं तरी त्याला काही सापडलं नसतं. नळी जागेवर, कूलर चालू, शटर उघडं. त्याला वाटलं, ऊन लागलं.”

“काका, सेन्सर चुकीचं दाखवत असन.”

“सकाळी नऊ दहाला त्यानं तो कडुनिंबाखाली जुळवला होता. तू हसायचास त्याला.”

विपुलनं खिशातून रुमाल काढून मान पुसली.

“बारा एक्कावन्नला तू नळी काढलीस. तेव्हा जाळी पाहिलीस. नळी लावली होती तिथं काळी. हे तुझ्या डोक्यातच नव्हतं आलं. खोलीत धूर भरला की इंजिनही तोच धूर घेणार, मिश्रणात पेट्रोल जास्त होणार आणि इंजिन काजळी ओकणार. धंदा तुझा, पण त्या दिवशी तू इंजिनाला विसरलास. मग घाबरून जाळी भरून आणलीस. दोन वाजता पुढून आलास, इंजिन बंद केलंस आणि नळी सायलेन्सरमधून ओढून खाली टाकलीस. आलेख बारा पन्नासला कापलास, कारण पुढचा भाग दाखवला असता तर निघालेल्या नळीची गोष्ट खोटी पडली असती.”

मी कार्डावरून छापलेला पूर्ण आलेख आणि दुर्गाबाईंकडचं गवत त्याच्यासमोर ठेवलं. शेवटी सागरच्या गाडीचा कॉम्प्युटर ठेवला. गवताकडे त्यानं पाहिलं नाही. कॉम्प्युटरकडे बघून मात्र त्याचे खांदे पडले.

“सागर रोज येऊन मांगे लागे,” तो हळू बोलला. “अजून जोर पाहिजे, अजून जोर पाहिजे. श्याम नाही म्हणे. एक दिवस श्याम नव्हता. मी थोडंसं पेट्रोल कमी केलं. थोडंसंच. गाडी उडत होती काका. सागर मले गळ्याशी लागला.”

“मग?”

“मंग मेला.” त्यानं तोंडावरून हात फिरवला. “तीन महिने लोकं श्यामले शिव्या देऊन राहिले, अन् मी बाजूले उभा होतो. मंग श्यामले तो कॉम्प्युटर भेटला. मले म्हणे, रविवारी काका येतीन, तू सांग, मी तुया संग उभा राहतो. मी लय प्रयत्न केला. मले तोंडातून नाही निंघत होतं.”

“म्हणून श्यामला मारलंस.”

“तो झोपल्यासारखा जाईन असं वाटलं मले. दुखणार नाही.”

“त्याचं डोकं दुखत होतं,” मी म्हटलं. “उलटीसारखं होत होतं. त्यानं बायकोला कळवलं होतं.”

हे त्याला माहीत नव्हतं. तो रडायला लागला आणि मला त्याची जराही दया आली नाही. ठाणेदारांनी त्याला उठवलं. त्याला नेल्यावर मी खुशालरावांना फोन करून श्यामला काय सांगायचं होतं ते सांगितलं. मग ते म्हणाले, “मी त्याच्या लेकीले पाहाले येतो,” आणि फोन ठेवला.

७

दुपारी आरतीकडे गेलो. पंचेचाळीस अंशांचं ऊन होतं, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं. श्यामचं साडेअकरा, विपुलचं साडेतेरा, बोळातली नळी, दुर्गाबाईंचं गवत. आचलच्या बापानं कोणाला मारलं नाही आणि स्वतःलाही मारलं नाही, हे मी दोनदा सांगितलं. ती डोकं हलवत राहिली. तिला पाहिजे होतं ते मिळालं होतं. माझं काम झालं होतं आणि मी उठायला हवं होतं.

“मामा,” ती म्हणाली, “धूर कूलरातून येऊन राहिलता ना?”

“हो.”

“मंग जो कूलरच्या जवळ, त्याले जास्त.”

मी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

“अकरा अठ्ठावन्नले ते गाडीपाशी बसून होते. लॅपटॉप तिथीच राह्यते. मंग मी लिहिलं.” तिचा आवाज हलत नव्हता. “खुर्ची कोठी सापडली?”

पोलिसांचा फोटो माझ्या पिशवीतच होता. खुर्ची कूलरच्या तोंडासमोर, हातभर अंतरावर. श्याम पाठ टेकून बसलेला, तोंड हवेकडे. शटरच्या बाजूला, त्या वीतभर फटीपाशी बसला असता तर कदाचित, आणि कदाचित नाही. चौतीस वर्षांत मी मोडक्या गाडीला चांगली म्हणून सही केली नाही. त्याबद्दल माझ्या बदल्या झाल्या, बायकोनं बोलणी खाल्ली, तरी केली नाही.

“गाडीपाशीच होती,” मी म्हटलं. “तो तिथून उठलाच नव्हता. काम सोडून उठणारा माणूस होता का तो?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“बरं,” ती म्हणाली.

मग मला जाणवलं की घरात कसलाच आवाज नव्हता. मंगळवारी चालू असलेला कूलर बंद होता, त्याची वायर गुंडाळून वर ठेवली होती आणि खिडकी लावलेली होती. आचल उघडीच जमिनीवर झोपली होती, कपाळावर ओला फडका. आरती तिच्याजवळ बसून वर्तमानपत्राच्या घडीनं वारा घालत होती. मी पोचलो तेव्हापासून घालत होती आणि माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

मी पिशवी बाजूला ठेवली, तिच्या हातातून घडी घेतली आणि वारा घालत बसलो.